एकाच खुंट्यावर दोन हात
(अभ्यासपाठ : वार्धक्य, सेवा आणि स्वाधीनता)

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, तेव्हा दिंडीत एक गोष्ट दर वर्षी आमच्या ध्यानात येते. गेल्या साली जी माणसे दिवे घाट चढताना आमच्या पुढे होती, त्यांतील एखादे यंदा दिसत नाही. विचारावे तर कळते, "गुडघे गेले त्यांचे." "हल्ली दिसत नाही." "माघात पडल्या, तेव्हापासून जाग्यावरच आहेत." कोणी देह ठेवला असे कळले तर आपण हात जोडतो, चार शब्द बोलतो. पण जी माणसे हयात आहेत आणि केवळ चालू शकत नाहीत, त्यांचे पुढे काय होते याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो विचार आजच्या पाठात करावयाचा आहे.

अशी माणसे कोणी मुलाच्या घरी असतात, कोणी लेकीच्या. कोणी वृद्धाश्रमात जातात. शहरांच्या आसपास आता वृद्धांसाठी निवास निघाले आहेत; तिथे राहायला स्वतःची खोली, दोन वेळचे जेवण, औषधाची आठवण करणारे माणूस आणि अडचण पडली तर दाबायला उशाशी घंटी, अशी व्यवस्था असते. तिथला माणूस पुरता पराधीनही नसतो आणि पुरता मोकळाही नसतो. तो मधल्या जागी असतो. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांची आणि त्यापुढची माणसे आपल्या देशात सुमारे १० कोटी ३८ लाख होती. तेव्हा हा एखाद्या घराचा प्रश्न राहिलेला नाही.

प्रश्न असा : दुसऱ्याचा हात लागल्याशिवाय ज्याचा दिवस पार पडत नाही, त्याच्या हाती स्वतःचे असे काय उरते? आणि मदत करणाराने हात कुठे लावावा, कुठे थांबावे?

१. प्रसंग

हा प्रश्न आम्हाला पोथीने घातला नाही; आमच्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्या वारकरीण बाईने घातला. दिंडीत त्यांना सगळे माई म्हणत. पुष्कळ वर्षे पायी वारी केलेली, गळ्यात माळ, वाणी तिखट. यजमान गेले, मुलगा नोकरीमुळे दूर, गुडघे बसलेले. तेव्हा त्या आपण होऊन एका वृद्धाश्रमात राहायला गेल्या. पहिली दोन वर्षे त्यांची उत्तम गेली. पहाटे उठून आपले आपण स्नान करायच्या, अंगणातल्या तुळशीला पाणी घालायच्या, गंध उगाळून लावायच्या, हरिपाठ म्हणायच्या. दुपारी तिथल्या देवघरासाठी वाती वळायच्या. दोन बायांना त्यांनी माळही घालायला लावली!

मग एके दिवशी न्हाणीत पाय घसरला. हाड मोडले नाही, पण सगळे घाबरले. मुलाने फोनवरून सांगितले आणि व्यवस्थापकांनी हुकूम काढला : माईंनी एकटीने न्हाणीत जायचे नाही, अंगणात उतरायचे नाही. मावशी अंघोळ घालतील, मावशी लुगडे नेसवतील, मावशी तुळशीला पाणी घालतील. वाती वळताना बैठक मोडून उठावे लागते, म्हणून वातीही बंद. यात कोणाचा हेतू वाईट होता असे म्हणता येत नाही. माणसे चांगली होती, जेवण चांगले होते.

दोन महिन्यांनी आम्ही तिथे कीर्तनाला गेलो. माई पुढे बसल्या होत्या, पण टाळी वाजवीत नव्हत्या. कीर्तन झाल्यावर जवळ जाऊन विचारले, "माई, काही दुखतंय का?" त्या म्हणाल्या, "दुखत काय नाही बुवा. खायला देतात, न्हाऊ घालतात. पण मी आता कशातच नाही."

आता आम्ही काय केले ते सांगतो, कारण चूक झाकून पाठ देता येत नाही. आम्ही बुवापणाच्या सवयीने म्हणालो, "माई, आयुष्यभर कष्ट केलेत. आता सगळं पांडुरंगावर सोपवा आणि स्वस्थ बसा."

माईंनी आमच्याकडे पाहिले. म्हणाल्या, "सोपवीन की. पण बुवा, सोपवायला आधी हातात काहीतरी असायला नको का?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. परत येताना गाडीत तेच वाक्य घोळत होते. नुकतेच तासभर आम्ही समर्पणावर बोललो होतो, आणि ज्या बाईच्या हातातून सगळे काढून घेतले होते तिलाच 'सोड' म्हणून सांगून आलो होतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात आपापल्या कर्माने ईश्वराची पूजा करण्याचा विचार आहे आणि माउलींनी तो मोठ्या प्रेमाने विस्तारला आहे. पण कर्मच उरू दिले नाही तर पूजा कशाने करायची? तुळशीला घातलेले तांब्याभर पाणी हे माईंचे कर्म होते. तेच दुसऱ्याने घातले तर तुळस जगेल. माईंची पूजा मात्र होणार नाही.

२. दृष्टांत

या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे, फक्त आपण ते या दृष्टीने पाहिलेले नसते. दोन कथा घेऊ.

पहिली जनाबाईची. पंढरपूरजवळ गोपाळपुरात जनाबाईचे जाते भाविकांना दाखवतात. जनीबरोबर देव दळू लागला ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिचे चित्र कितीतरी घरांतून भिंतीवर असते. ते चित्र एकदा नीट पाहावे. एका बाजूस जनी बसली आहे, समोर पांडुरंग बसला आहे, आणि दोघांचे हात एकाच खुंट्यावर आहेत. देवाने जनीला 'तू ऊठ, तुला जमत नाही' असे म्हटलेले नाही. त्याच्या मनात असते तर सगळे दळण क्षणात होऊन पडले असते. तसे त्याने केले नाही. जाते जनीचे राहिले, दळण जनीचे राहिले, ओवी जनीच्या तोंडी राहिली. देवाने फक्त आपला हात लावून जड जाते हलके केले. ज्यांनी जात्यावर दळले आहे त्यांना ठाऊक आहे की समोरच्याने आपल्या गतीने ओढले तरच जाते सुरळीत फिरते. समोरचा जोराने ओढू लागला तर आपलाच हात हिसकतो. मदत करणाराने आपली गती दुसऱ्याच्या गतीला जुळवावी लागते, हे जात्याचे शास्त्र आहे.

दुसरी कथा भक्त पुंडलिकाची. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता, देव दाराशी आला, पुंडलिकाने वीट टाकली आणि देव तिच्यावर उभा राहिला. या कथेतून आपण पुंडलिकाची सेवा शिकतो, ते योग्यच आहे. पण देवाचे थांबणेही शिकण्यासारखे आहे. दुसऱ्याचे काम चालू आहे, त्याला वेळ लागतो आहे, आणि आपण सर्वसमर्थ असूनही ते त्याच्या हातातून हिसकावून न घेता उभे राहायचे. म्हाताऱ्या माणसाला सदऱ्याची पाच बटणे लावायला पाच मिनिटे लागतात. आपण अर्ध्या मिनिटात लावून देऊ शकतो. तिथे साडेचार मिनिटे उभे राहणे ही मोठी सेवा आहे. दिसायला काहीच न करणे. पण विटेवरचा देव तरी दिसायला काय करतो आहे?

सिद्धांत असा निघतो : जिथे गरज आहे तिथे खुंट्याला हात लावावा, जिथे गरज नाही तिथे विटेवर उभे राहावे. आणि गरज आहे की नाही हे आपण ठरवू नये, विचारावे.

३. आजचे शास्त्र काय म्हणते

संतांनी दाखवलेली गोष्ट आजच्या वैद्यकानेही आपल्या पद्धतीने पाहिली आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतील सिडनी कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी वृद्धांची पाहणी करून रोजच्या सहा गोष्टी काढल्या : अंघोळ करणे, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून वा खुर्चीतून उठबस करणे, मलमूत्र आवरणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे. या सहांपैकी कोणती गोष्ट माणूस आपली आपण करतो आणि कोणतीला मदत लागते, ते एकेक करून पाहायचे. पुढे १९६९ मध्ये लॉटन व ब्रॉडी यांनी दुसरी यादी केली. तिच्यात फोन करणे, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे आणि पैशाचा व्यवहार ही आठ कामे येतात.

या याद्यांचा आपल्याला उपयोग काय? हा की पराधीनता ही एकच मोठी मोट नाही, ती सोडून पाहता येते. ज्याला अंघोळीला मदत लागते त्याला जेवायला लागेलच असे नाही. ज्याला बाजारात जाता येत नाही त्याला पैशाचा हिशोब उत्तम कळत असतो. आपण मात्र एक गोष्ट अडली की चौदाही काढून घेतो. माईंचा पाय न्हाणीत घसरला; त्यात वाती वळणाऱ्या हातांचा काय अपराध होता?

आणखी एक पाहणी सांगण्यासारखी आहे. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन विदुषींनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धनिवासात केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले की तुमची खोली कशी लावायची, चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा हे तुम्ही ठरवा. आणि एक रोपटे हवे असल्यास निवडा, त्याची निगा तुम्हीच करायची. दुसऱ्या मजल्यावरच्यांना सांगितले की तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ. रोपटे त्यांनाही दिले, पण पाणी परिचारिका घालणार. तीन आठवड्यांनी पाहिले तो पहिल्या मजल्यावरची माणसे जास्त उल्हासी, जास्त सावध आणि हिंडती-बोलती झालेली आढळली. हे वाचले तेव्हा आम्हाला माईंची तुळसच डोळ्यांपुढे आली. आपल्या आयाबायांनी तुळशीला स्वतः पाणी घालण्याचा नेम उगीच धरलेला नाही. सकाळी उठण्यासाठी कोणीतरी आपल्यावर अवलंबून असावे लागते.

४. शंका आणि समाधान

शंका : हे सगळे बोलायला ठीक. पण म्हातारं माणूस पुन्हा पडलं आणि मांडीचं हाड मोडलं तर? निस्तरायचं कोणी?

समाधान : शंका खरी आहे. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणे ही साधी गोष्ट नाही. पुष्कळ माणसे त्यातून पहिल्यासारखी उठत नाहीत. पण पडण्याचे भय घालवण्यासाठी माणसाला खुर्चीत बसवून ठेवले, तर मांड्यांची ताकद जाते, तोल जातो, आणि जेव्हा केव्हा तो उठतो तेव्हा आधीपेक्षा लवकर पडतो. म्हणून माणूस बांधू नये, जागा सुधारावी. न्हाणीत आणि शौचकूपात भिंतीला धरायची दांडी पक्की बसवावी. उभ्याने अंघोळ नको. न घसरणारे स्टूल ठेवावे. फरशी कोरडी असावी, पायपुसणे सरकणारे नसावे. रात्री अंथरुणापासून शौचकूपापर्यंत मंद दिवा राहू द्यावा. सपाता ढिल्या नकोत, मागून पट्टा असलेली चप्पल बरी. झोपेतून उठताना आधी काठावर बसावे, मग उभे राहावे; एकदम उठले की चक्कर येते. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या उलट बाजूच्या हातात. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर तो काढून घ्यावा, आणि झोपेची, रक्तदाबाची औषधे पडण्याला कारण होत नाहीत ना, हे डॉक्टरांना विचारावे. एवढे करूनही थोडा धोका राहील. तो राहणारच. पायी वारीत काय धोका नसतो? तरी आपण जातोच की नाही?

शंका : वारकऱ्याने देहाचा अभिमान टाकावा असे संत सांगतात. मग 'मी माझे करीन' हा हट्ट म्हणजे अहंकारच नव्हे का?

समाधान : असू शकतो. 'मला कोणाची गरज नाही' असे म्हणून रात्री अंधारात धडपडणे, कानाला यंत्र लावायला लाजणे, काठी घ्यायला लाजणे, हा अहंकारच. त्याचे पाप मदत करणाऱ्या माणसालाही भोगावे लागते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना माउलींनी म्हातारपणाचे वर्णन केले आहे. शहाणा माणूस ते येण्याआधीच डोळ्यांपुढे आणतो आणि इंद्रिये धड आहेत तोवर त्यांच्याकडून जे करून घ्यायचे ते करून घेतो, असा त्याचा आशय. ज्याने आधी पाहून ठेवले आहे त्याला पुढे मदत मागायची लाज वाटत नाही. तेव्हा खूण अशी धरावी : जे काम 'लोक काय म्हणतील' म्हणून आपण सोडत नाही ते अहंकाराचे, आणि जे देवासाठी किंवा दुसऱ्यासाठी सोडवत नाही ते नेमाचे. नेमाला जपावे. अहंकाराला मावशींच्या हाती द्यावे, त्या न्हाऊ घालतील.

शंका : पण आईबापांना अशा ठिकाणी ठेवणे हेच पुंडलिकाच्या धर्माला सोडून नाही का?

समाधान : टाकून येणे हे सोडूनच आहे. आपल्या देशात २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. सांभाळ न करणाऱ्या मुलांकडून चरितार्थाची रक्कम मिळण्यासाठी या कायद्याखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. उपविभागीय अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या वरच्या दर्जाचा अधिकारी त्याचे काम पाहतो. ज्याच्यावर ज्येष्ठ माणसाच्या सांभाळाची जबाबदारी आहे त्याने त्याला कायमचे सोडून देण्याच्या हेतूने कुठेही टाकले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन नावावर करून घेतली आणि मग सांभाळले नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवून घेता येतो. या आणि अशा अडचणींसाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा मदतफोन आहे. वाचकांपैकी ज्यांना गरज असेल त्यांनी संकोच करू नये.

पण प्रत्येक वेळी टाकणेच असते असे नाही. काही माणसे आपण होऊन जातात, माईंसारखी. काहींना रात्रंदिवस माणूस लागतो आणि घरात दोघेही कामावर. अशा वेळी आई कोठे राहते यापेक्षा तिच्या आयुष्यातून आपण उठून गेलो की नाही हे पाहावे. महिन्याचे पैसे भरले की सेवा झाली असे मानणारा मुलगा घरी असता तरी सेवा करता ना. आणि एकादशीला येऊन आईजवळ तासभर बसणारा, तिला विचारल्याशिवाय तिच्या खोलीतली वस्तू न हलवणारा, तिच्या कपाटाची किल्ली तिच्याच कनवटीला राहू देणारा मुलगा दूर राहूनही पुंडलिकाच्या वाटेवर आहे.

५. नित्यनेम कसा राखावा

आता जे अशा ठिकाणी राहतात त्यांच्यासाठी चार गोष्टी.

गेल्यावर पहिल्याच दिवशी आपला नेम सांगून टाकावा. मी पहाटे उठतो, कांदा-लसूण खात नाही, स्नानावाचून चहा घेत नाही, हरिपाठाच्या वेळी मला बोलावू नका. न सांगितले तर तिथल्या घड्याळाप्रमाणे चालावे लागते आणि मग मनातल्या मनात कुढत बसतो. जे नियम त्यांना जुळवता येणार नाहीत तिथे आपण थोडे सरकावे. पहाटे चारला ऊन पाणी मिळत नसेल तर हातपाय धुऊन काकड्याचे अभंग म्हणावे आणि स्नान सहाला करावे. देव वेळेवरून रुसत नाही.

एकादशीचे विशेष सांगायला हवे. ज्यांना मधुमेह आहे आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून निराहार राहू नये. औषध पोटात आणि अन्न नाही, असे झाले की साखर उतरते. घाम सुटतो, हात कापतात, बोलणे भरकटते. तसे झाल्यास लगेच साखरपाणी घ्यावे. तिथे उपासाचा विचार करू नये. साबुदाण्याच्या खिचडीने उलट साखर चढते, हेही लक्षात असावे. त्या दिवशी बेताने खावे आणि जागर नामाचा करावा.

पंढरीला जाणे झाले तर पदस्पर्शाच्या रांगेचा हट्ट धरू नये, मुखदर्शनाची सोय आहे. तेही झाले नाही तर आषाढात रोज पालखीचा मुक्काम कोठे आहे ते विचारून घ्यावे आणि त्या मुक्कामाचे स्मरण करून हरिपाठ म्हणावा. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ खाटेवरूनच अशी वारी करतात. जेजुरी, लोणंद, वाखरी, सगळे मुक्काम त्यांना पाठ आहेत, आणि ज्या दिवशी रिंगण असते त्या दिवशी ते जेवायला उशीर करतात!

एखादे काम दुसऱ्यासाठी ठेवावे. वाती, जपमाळा ओवणे, भाजी निवडणे, शेजारच्याला दिसत नसेल तर त्याला पोथी वाचून दाखवणे. घेणाऱ्याच्या हाताला देण्याचीही सवय राहिली पाहिजे.

आणि जे मदत करतात, मावशी असोत, सून असो, मुलगा असो, त्यांना एवढेच सांगणे : दार वाजवून आत जा. अंगाला हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगा. "अंघोळ आत्ता करायची का चहा झाल्यावर?" असे विचारा. ज्यांची स्मृती गेली आहे त्यांनाही दोन लुगडी पुढे धरून "कोणतं नेसायचं?" असे विचारता येते, बोट पुढे होते. त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल तिसऱ्याशी बोलू नका. आणि मावशी ज्या पगारावर हे काम करतात तो थोडा असतो, कष्ट फार असतात. त्यांच्याशी नातेवाइकांनी आदराने वागावे, म्हणजे तो आदर पुढे आपल्या आईपर्यंत पोचतो.

६. उपसंहार

माईंचे पुढे काय झाले ते सांगून पाठ संपवतो. आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, व्यवस्थापकांपाशी बसलो. आधी ते म्हणाले, "बुवा, उद्या काही झालं तर मुलगा आम्हालाच धरील." त्यांचेही खरे होते. मग मुलाला फोन लावला, माईंनाही तिथेच बसवले आणि चौघांनी मिळून एकेक गोष्ट घेतली. न्हाणीत दोन दांड्या बसल्या, स्टूल आले. माई आत बसून स्नान करणार, मावशी दाराबाहेर उभ्या राहणार, कडी लावायची नाही. पाठीला साबण मावशी लावणार. तुळस कुंडीत घालून व्हरांड्यात कमरेइतक्या उंच कट्ट्यावर ठेवली, म्हणजे पायऱ्या उतरणे नको आणि वाकणेही नको. वातींसाठी खाली न बसता टेबलाशी खुर्ची. एका गोष्टीत मात्र माईंना मागे सरावे लागले : रात्री उठताना घंटी वाजवायचीच. त्या कुरकुरल्या, पण कबूल झाल्या.

माईंचे वय उतरणीचे आहे. पुढच्या खेपेस गेलो तेव्हा त्यांच्या बोटांना कंप सुटला होता, वाती जमत नव्हत्या. उद्या तांब्याही उचलणार नाही. आम्ही ते बोललो नाही, पण त्यांनीच काढले. म्हणाल्या, "हे पण जाणार बुवा, ठाऊक आहे मला. पण एकेक करून जाऊ दे. ज्याचं त्याला मी देईन. कोणी ओढून नेऊ नये एवढंच." तेवढ्यात मावशी आल्या आणि त्यांनी विचारले, "माई, आज कोणता अभंग लावू?" माईंनी थोडा विचार केला आणि सांगितला. मावशींनी तोच लावला.

आम्हाला वाटते, ज्याला आपण समर्पण म्हणतो ते हेच. हातातले एकेक देवाच्या हाती देत जायचे. ते घेणारा देव असावा, घाई नव्हे. आणि सगळे देऊन झाल्यावर कोणता अभंग ऐकायचा एवढे जरी आपले राहिले, तरी खुंट्यावर आपला हात आहे असे समजावे. समोर दुसरा हात कोणाचा आहे, हे वारकऱ्याला सांगायला नको.

मननासाठी

१. तुमच्या घरातील किंवा ओळखीतील वृद्ध माणसाच्या सहा नित्य गोष्टी एकेक करून पाहा. कोणतीला खरोखर मदत लागते? कोणती आपण घाईपोटी काढून घेतली आहे?

२. जनाबाईच्या चित्रात देवाचा हात नसता तर काय झाले असते? जनीचा हात नसता तर काय झाले असते?

३. विटेवर उभे राहण्याचा, म्हणजे थांबण्याचा, प्रसंग या आठवड्यात तुमच्यावर कधी आला?

४. तुम्ही स्वतः वृद्ध असाल तर : तुमचा कोणता हट्ट नेमाचा आहे आणि कोणता अभिमानाचा?

५. दिंडीतून यंदा न दिसलेल्या एका माणसाचा पत्ता काढा आणि भेटून या. जाताना पेढे नेले तर उत्तम. पण त्यांना मधुमेह आहे का ते आधी विचारा.

रामकृष्णहरि.